जायची तारीख

गेल्या सप्टेंबरमधल्या एका बुधवारी सकाळी आमच्या माजी संचालकांनी हाउन्सलोमधल्या घराची किल्ली शेजारणीकडे दिली आणि त्या हीथ्रोला जाणाऱ्या बसमध्ये चढल्या. शुक्रवारी त्यांच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन होतं. त्या तारखेसाठी त्या वर्षाहून जास्त काळ थांबल्या होत्या. मलावीला निघाल्याचं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. शेजारणीला एवढंच सांगितलं, की घरातला फ्रिज बंद करू नका.

मुलीला हे संध्याकाळी कळलं. ती ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, जन्म इथलाच. तिने मला फोन केला.

"मावशी, आई तुमच्याकडे आहे?"

"नाही."

"मग ती गेली. शुक्रवारी तिचं ऑपरेशन आहे आणि ती गेली. मी लीव्ह घेतलीये. खालच्या रूममध्ये बेड लावलाय. टॉयलेटमध्ये ते धरायचं हँडल बसवून घेतलंय. आणि ती बॅग घेऊन गेली."

"कुठे गेल्या असतील?"

"तुम्हाला माहीत आहे कुठे."

माहीत होतं. मलावीतल्या सरोवराच्या काठी एका छोट्या दवाखान्याच्या भिंतीवर निळ्या रंगात एक तारीख लिहिलेली होती. ती तारीखही त्याच शुक्रवारची होती.

लंडनमधल्या एका मध्यम आकाराच्या धर्मादाय संस्थेचे आफ्रिकेतले आरोग्य कार्यक्रम त्या चालवत. मलावी, टांझानिया, इथिओपिया. बाळंतपणं, लसीकरण, खेड्यातल्या नर्सचं प्रशिक्षण. वर्षाचा मोठा भाग प्रवासात जाई. मी त्या संस्थेच्या माहिती विभागात होते. त्याआधी पुण्यात वर्तमानपत्रात. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत. त्यांना मात्र सगळे डॉक्टर म्हणत. पहिल्या दिवशी मी मॅडम म्हणाले, तर त्या जाता जाता थांबल्या.

"मॅडम म्हणू नको. मॅडम म्हटलं की कोणीतरी माझी फाइल अडवून राहिलं असं वाटते. ताई म्हण."

त्या नागपूरच्या. वैद्यकीय शिक्षणही तिथलंच. फोनवर ओळखीचा आवाज आला की हॅलोच्या जागी जयभीम म्हणत, आणि पुढचं वाक्य चालू होईपर्यंत उठून चालायला लागलेल्या असत.

बसणं त्यांना जमत नसे. आमचं ऑफिस कालव्याच्या काठी होतं आणि त्यांच्या बैठका कालव्याच्या कडेच्या पायवाटेवर होत. "चाल, चालता चालता बोलू. बसून काय होते?" फायनान्सचा प्रमुख हा शांत, जाडजूड इंग्लिश माणूस. तो उघडा लॅपटॉप एका तळव्यावर पेलत त्यांच्या मागून चाले. एकदा तो आकडे वाचता वाचता बदकांच्या घाणीत घसरला. लॅपटॉप वाचला, पँट वाचली नाही. त्या दहा पावलं पुढे गेल्या होत्या. मागे वळून म्हणाल्या, "तो शेवटचा आकडा परत सांगा." त्यानंतर त्याने चालायचे बूट टेबलाखाली ठेवायला सुरुवात केली. नवीन माणूस रुजू झाला की तो त्याला आधी बुटांबद्दल सांगत असे, मग रजेबद्दल.

या नियमाला एक अपवाद होता. रांगेत त्या बसत.

कुठल्याही दवाखान्याला भेट द्यायची असली की त्या न कळवता जात. गाडी दूर उभी करायला सांगत आणि बाहेरच्या बाकावर, झाडाखाली, जिथे कुठे बायका मुलं घेऊन बसलेल्या असत तिथे शेवटी जाऊन बसत. नंबर येईपर्यंत उठत नसत. जिल्ह्याचा अधिकारी धावत आला तरी नाही. "ऑफिसरच्या खुर्चीत बसलं की ऑफिसर समजते. रांगेत बसलं की दवाखाना समजते." ऑफिसात पाच मिनिटं एका जागी न टिकणारी ही बाई तिथे कोणाचं तरी मूल मांडीवर घेऊन अर्धा दिवस बसलेली मी पाहिली आहे. पायसुद्धा हलत नव्हता.

नंबर आला की त्या नर्सला नमस्कार करत आणि म्हणत, "मला काही झालेलं नाही. तुमचा फ्रिज दाखवा."

लशींचा फ्रिज हा त्यांचा दुसरा विषय. लस फार गरम झाली तर जाते, आणि काही लशी गोठल्या तरी जातात. बाटलीकडे पाहून ते कळत नाही. त्या दार उघडून आत हात घालत, डोळे मिटत, थोडा वेळ तशाच उभ्या राहत. मग अंदाज सांगत आणि मगच थर्मामीटर पाहत. "आधी थर्मामीटर पाहिलं तर हात खोटं बोलते." अंदाज बहुतेक वेळा बरोबर येई. चुकला की दिवसभर गप्प असत.

टांझानियात एका ठिकाणी लशींच्या मागे शीतपेयाच्या बाटल्या निघाल्या. जिल्ह्याच्या साहेबांच्या होत्या. साहेब शेजारीच उभे होते. नर्सचा चेहरा उतरला. त्यांनी खाली फरशीवर बसून एकेक बाटली बाहेर काढली, पदराने पुसली, आणि बाहेरच्या रांगेत नेऊन वाटली. शेवटची बाटली उघडून साहेबांच्या हातात दिली. "घ्या. गरम व्हायच्या आधी." साहेबांनी ती सर्वांसमोर प्यायली.

ही सवय इंग्लंडमध्येही सुटली नाही. लेस्टरला एका मराठी कुटुंबात बारशाला आम्ही दोघी गेलो होतो. पाळणा म्हणून झाला, बायका जेवणाच्या तयारीला लागल्या, आणि ताई स्वयंपाकघरात फ्रिजमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभ्या. यजमानीण गोंधळली.

"ताई, काही हवंय का?"

"नाही. दाराजवळ गरम आहे आणि मागच्या भिंतीला गोठून राहिलं. बाळाचं औषध मधल्या कप्प्यात ठेव."

मग त्या बागेत गेल्या आणि जेवणाची हाक येईपर्यंत कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारत राहिल्या. त्या घरात अजून औषध मधल्या कप्प्यात असतं.

त्यांचं घर हाउन्सलोला, विमानांच्या उतरण्याच्या वाटेखाली. दर थोड्या वेळाने कपबश्या वाजत. ते त्यांनी मुद्दाम निवडलं होतं. विमानतळ बसने गाठता यावा म्हणून. वरून गेलेल्या आवाजावरून त्या चहा ढवळता ढवळता म्हणत, "नैरोबी आलं." बरोबर असे की नाही हे मी कधी तपासलं नाही. बॅग कपाटावर जात नसे, दाराशी उभी असे. मुलगी सांगते, लहानपणी तिला वाटे की सगळ्यांच्या घरात चपलांच्या शेजारी बॅग असते.

आता भिंतीवरच्या तारखेबद्दल.

कुठलाही कार्यक्रम सुरू झाला की पहिल्याच दिवशी त्या तो बंद करायची तारीख ठरवत. ती कागदावर राहत नसे. दवाखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर, मुलांचं वजन करायच्या काट्याजवळ, सगळ्यांना दिसेल अशी त्या स्वतः ब्रशने रंगवत: आम्ही या दिवशी जाणार. तोपर्यंत जिल्ह्याने स्वतःच्या नर्स नेमायच्या, फ्रिजची देखभाल शिकायची. आणि त्या दिवशी, ज्या हाताने तारीख रंगवली त्याच हाताने येऊन ती पुसायची. उद्घाटन, फीत, पाटी यांतलं काही नाही. देणगीदारांना हे आवडत नसे. उद्घाटनाचा फोटो मिळत नाही, अशी माझ्या विभागाचीही तक्रार होती.

सरोवराकाठच्या त्या दवाखान्यात तारीख रंगवली तेव्हा मी बरोबर होते. तिथली मुख्य नर्स ग्रेस, चाळिशीची, उंच, सावकाश बोलणारी. बाहेर जाळ्यांवर लहान मासे वाळत घातले होते आणि सगळीकडे सुकटीचा वास होता. ताई स्टुलावर चढून रंगवत होत्या. ग्रेसने स्टूल धरलं होतं.

"आमायी," ती म्हणाली. तिकडे मोठ्या बाईला असं म्हणतात. "तुम्ही आजच आलात. आजच सांगता कधी जाणार. आमच्याकडे हे बरं दिसत नाही."

ताई ब्रश न थांबवता म्हणाल्या, "जो पाहुणा जेवायच्या आधी आपल्या बसची वेळ सांगतो, तो चांगला पाहुणा. नाहीतर घरच्या बाईने संध्याकाळचे तांदूळ किती टाकायचे?"

"आणि बस आली नाही तर?"

"तर चालत जातो."

ग्रेस हसली नाही. तिने तारीख दोनदा वाचली आणि आत जाऊन कामाला लागली.

परतताना गाडीत मी ताईंना विचारलं, हे कुठून आलं. त्यांनी एकदाच सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत. त्या लहान असताना नागपूरला त्यांच्या वस्तीत आठवड्यातून एकदा औषधांची गाडी येई. बाहेरच्या कोणीतरी चांगल्या लोकांची. मुलांना लस तिथेच मिळे. एक दिवस गाडी आली नाही. "आई धाकट्याला घेऊन दुपारपर्यंत बसून राहिली. पुढच्या आठवड्यात पण बसली. गाडी बंद झाली हे तिला कोणी सांगितलंच नाही." धाकट्याला नंतर पोलिओ झाला. याला मला दुसरीकडून दुजोरा मिळालेला नाही. भाऊ नागपूरला आहे, तीन चाकांची स्कूटर चालवतो, हे मी पाहिलं आहे.

दोन वर्षांपूर्वी पैशांची चणचण सुरू झाली. सरकारने परदेशी मदतीला कात्री लावली, मग मोठे देणगीदार मागे हटले. विश्वस्तांनी सरोवराकाठचा दवाखाना भिंतीवरच्या तारखेच्या बराच आधी सोडायचं ठरवलं. वाईट हेतूने नव्हे. काहीतरी सोडावंच लागणार होतं. त्या बैठकीत मी टिपण घ्यायला होते. सगळे बसले होते, ताई खिडकीशी उभ्या.

"भिंतीवरची तारीख मी अलीकडे आणणार नाही," त्या म्हणाल्या. "माझी जायची आणा. माझ्या पगारात तो दवाखाना तारखेपर्यंत टिकतो."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "कोणी तुम्हाला बलिदान द्यायला सांगत नाहीये."

"मी बलिदान देत नाही. मी जागा खाली करून राहिली आहे."

त्यांच्या खोलीच्या दारामागे, रुजू झाल्या त्याच दिवशी, त्याच निळ्या रंगात त्यांनी स्वतःच्या निवृत्तीची तारीख लिहिली होती. ती त्यांनी टर्पेंटाइनने पुसली आणि अलीकडची लिहिली. वास दोन दिवस राहिला. इमारतीच्या व्यवस्थापकाने तक्रार केली. ठरलेल्या दिवशी निरोपाचा केक आला, भाषणं झाली. त्यांनी केकचा तुकडा उभ्यानेच खाल्ला आणि अध्यक्षबाईंचं भाषण चालू असताना आत जाऊन दार पुसलं. परत आल्या नाहीत. भाषण पूर्ण झालं.

खुबा त्याआधीच बिघडला होता. कालव्याच्या फेऱ्या छोट्या होत गेल्या. फायनान्सच्या प्रमुखाला पहिल्यांदा त्यांच्या शेजारून चालता येऊ लागलं. तो म्हणाला, त्याला ते आवडलं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बदलावा लागेल, सरकारी हॉस्पिटलची यादी मोठी आहे. मुलीने खासगी हॉस्पिटलचं विचारलं.

"आई, मी पे करते. नेक्स्ट मंथ होऊन जाईल."

"रांग आहे ना?"

"रांग आहेच. म्हणूनच तर."

"मग रांगेत बसू."

त्या रांगेत बसल्या. निवृत्तीनंतरचा बहुतेक काळ त्यांनी हाउन्सलोच्या घरात खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग काठी घेऊन, मग फर्निचर धरून चालत काढला. हॉस्पिटलची तारीख आली तेव्हा त्यांनी ती मला फोनवर सांगितली आणि कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मीही कॅलेंडर पाहिलं.

ऑफिसात ठरलं होतं की हस्तांतर व्हिडिओ कॉलवर होईल. प्रवासाचा खर्च परवडणारा नव्हता. ग्रेसला तसं कळवलं होतं. तिने एकच प्रश्न विचारला, की भिंत कोण पुसणार.

पुढचं मला ग्रेसच्या फोनवरच्या निरोपांतून कळलं.

गुरुवारी संध्याकाळी ती म्हणाली, "तुमच्या डॉक्टर आल्या आहेत. काठी आहे. पण दुसऱ्या कोणाची तरी सांभाळत असल्यासारखी त्या ती धरतात."

शुक्रवारी ताईंनी स्टुलावर चढून तारीख पुसली. स्टूल ग्रेसने धरलं, ताईंना आणखी दोन बायकांनी. फ्रिजची किल्ली जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे गेली आणि त्याने ती तिथेच ग्रेसला दिली. जिल्ह्याकडून दोन नर्स यायच्या होत्या. एक आली होती, तरुण, बाळंतपणाच्या खोलीची. दुसरी लसीकरणाची, ती आली नव्हती. सोमवारी येईल असं अधिकारी म्हणाला.

परतीचं तिकीट रविवारचं होतं. रविवार गेला.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडला तेव्हा ताई बाहेरच्या बाकावर शेवटी बसलेल्या होत्या. नंबर आला, त्यांनी फ्रिज पाहिला आणि परत जाऊन रांगेच्या शेवटी बसल्या. मंगळवारी तेच. बायकांनी त्यांच्यासाठी बाकाचं टोक राखून ठेवायला सुरुवात केली. बुधवारी ग्रेसने त्यांना आत टेबलावर झोपवून खुबा तपासला आणि वेदनेच्या गोळ्या दिल्या. "पेशंट म्हणून बसता, तर पेशंटसारखं वागा." दुसरी नर्स आली नव्हती.

इकडे मुलीने हॉस्पिटलशी बोलून पाहिलं. तिला नम्रपणे सांगण्यात आलं, की ऐनवेळी गैरहजर राहिलेल्या पेशंटला पुन्हा सुरुवातीपासून जावं लागतं.

गुरुवारी ताईंचा फोन आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"जयभीम. ग्रेसने भिंतीवर माझी तारीख लिहिली."

"म्हणजे?"

"म्हणजे काय. मी पुसली त्याच जागी. आमायी शनिवारी जाणार. डब्यात आपला रंग उरला होता, तोच वापरला. वजनाला आलेल्या सगळ्या बाया वाचून राहिल्या. एकीने मला विचारलं, बसला डबा काय बांधून देऊ."

"मग?"

"मग काय. मला विचारलं नाही तिने."

"तुम्ही तिला विचारलं होतं का, तेव्हा?"

त्यांच्या चालण्याचा आवाज आला, एक पाय घासत.

"दुसरी नर्स आली नाही अजून."

"तुम्ही बसल्याने येणार आहे का ती?"

"ग्रेस पण हेच म्हणते. तुम्ही दोघी एका शाळेतल्या काय गं?" मग म्हणाल्या, "गाडीची वाट कशी पाहतात ते मी पाहिलं आहे. मला वाटलं, एकदा गाडीने पण थोडी वाट पाहावी."

"ताई, हॉस्पिटलने नाव परत शेवटी टाकलं."

"टाकू दे. रांग आहे."

"मुलगी रडत होती."

पाय घासल्याचा आवाज थांबला.

"खाली बेड लावला म्हणते का ती?"

"हो. हँडलसुद्धा बसवलंय."

"कुठल्या बाजूला?"

मला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, उजव्या बाजूला पाहिजे, सांग तिला, आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी त्या रांगेत बसल्या नाहीत. ग्रेस सांगते, त्यांनी फ्रिजमध्ये हात घातला, अंदाज सांगितला, थर्मामीटर पाहिलं नाही. मग भिंतीकडे गेल्या. स्टुलावर चढायला ग्रेसने मनाई केली. ज्या हाताने रंगवली त्या हाताने पुसायची, असं म्हणून ग्रेस स्वतः चढली. या वेळी स्टूल ताईंनी धरलं. दुपारच्या मिनीबसमध्ये त्या चढल्या. ड्रायव्हरशेजारची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवली होती. ती त्यांनी एका गरोदर बाईला दिली आणि मागे कोंबड्यांच्या टोपलीशेजारी बसल्या.

आदिस अबाबाला विमान बदलून रविवारी त्या हीथ्रोला उतरल्या. मुलीने व्हीलचेअरची सोय आधीच करून ठेवली होती. ती बाहेर कठड्याशी उभी होती. तिने पाहिलं ते असं: व्हीलचेअर दारातून बाहेर आली. तीत बॅग होती, बॅगेवर काठी आडवी ठेवलेली. विमानतळाचा कर्मचारी दोन पावलं मागून येत होता. खुर्ची ढकलत ताई होत्या.

सोमवारी ग्रेसचा निरोप आला. दवाखाना वेळेवर उघडला. दुसरी नर्स आलेली नाही. लसीकरण ग्रेस स्वतः करते आहे.

हॉस्पिटलची नवी तारीख अजून मिळालेली नाही.